एकशे बारा खांब

इकडं डोंगर नाही.
असता तर थांबायला कारण तरी मिळालं असतं.
मानवत रोडच्या अलीकडं जमीन अशी पडलीय,
जशी भाकरी थापून
कुणी तव्यावर टाकायचं विसरून गेलं.

बाप लाइनमन.
त्यानं अंतर कधी किलोमीटरात सांगितलं नाही.
शाळा नऊ खांब. दवाखाना चौतीस.
आत्याचं सासर? “माहीत नाही, तिकडं दुसऱ्या सेक्शनची लाइन.”
मीही तसंच पळते.
घरापासून कॅनॉलच्या गेटापर्यंत छप्पन,
परत छप्पन,
बेचाळीसावा वाकलेला आहे, तो धरून.

पावसाळ्यात पाणंद बंद.
काळी माती बुटाला बिलगते ती अशी
की चौथ्या पावलाला वाटतं
दोन्ही पायांवर एकेक लेकरू बसलंय.
दसऱ्याला डांबरावर सोयाबीन वाळत असतं,
कडेची वीतभर जागा माझी.
उन्हाळ्यात भेगा घोटा गिळतील एवढ्या,
मग कॅनॉलचा भराव :
पाळी सुटलेली असली तर पाणी सोबत येतं,
नसली तर तळात चपला, बाटल्या, एक उलटी बाज.

लिंबाजीच्या रानातला निंब
नवव्या खांबाला दिसतो अन् येतो एकतिसाव्याला.
मधले बावीस खांब नुसता उभा असतो,
पाहुण्याला चहा विचारावा का नको, अशा तोंडानं.

जसा निंब मला, तशी मी सगळ्यांना.
आडोसाच नाही.
पहिल्या आठवड्यात तीन शिवारांतून विचारणा झाली,
“कोण गेलं?”
मुंजाजीनं गाडी बरोबरीनं चालवली दहा खांब :
“बसा की ताई, सोडतो.”
नको म्हटलं.
“पैसे नाही घेत वो.”
चांदपाशा तर शेरडं सोडून मागं पळत आला,
अर्धा कोस, हातात काठी,
गाठल्यावर धापा टाकत, “काय झालं?”
काही नाही, म्हटलं.
तो बांधावर बसला.
“काही नाही म्हणून कुणी पळतं का, बाई?”
अन् हसता हसता त्याला ठसका लागला.

मग सवय झाली.
कापूस वेचणाऱ्या बाया मान न उचलता हात हलवायच्या.
दूधवाला मला पाहून घड्याळ लावायचा.
चाळीस वर्षांच्या बाईचं पळणं
पवनचक्कीसारखं झालं :
फिरते, फिरू द्या.

कार्तिकात एका सकाळी
चौदाव्या खांबाला बाप टेकून बसलेला दिसला.
फिरायला आला असेल.
जवळ गेले तर तोंड एका बाजूला ओघळलेलं,
हात खांबावर,
खांबाचं काहीतरी सांगायचंय असा.
मोबाईल घरी, चार्जिंगला.

मी वळले.
अशी पळाले की खांब मोजायचे राहून गेले.
वेचणाऱ्या बायांनी हात हलवला.
मी ओरडले, वारं उलटं होतं,
त्यांनी अजून जोरात हलवला.
मुंजाजी समोरून आला, अंगठा दाखवला,
“आज लईच जोर!” म्हणत निघून गेला.
सगळ्या शिवाराला मी दिसत होते,
डोक्यापासून बुटापर्यंत, आडोशाशिवाय,
अन् कुणालाच दिसले नाही.

फक्त डाव्या हाताला
शेरडं पांगलेली,
अन् काठी टाकून एक म्हातारा
आडवं रान तुडवत माझ्याकडं येत होता.
यावेळी त्यानं काही विचारलं नाही.
नुसतं विचारलं, “कुठल्या खांबाला?”

आता बाप तिसऱ्या खांबापर्यंत येतो,
काठीनं, पाऊण तासात.
तिथं बसतो. आकडे त्याच्याकडून सांडतात :
तीन म्हणायचं तर सतरा म्हणतो,
सतराला बुधवार.
मी पुढं निघते.
निंबाच्याही पुढं गेले तरी
मागं वळून पाहिलं की तो असतो,
आधी माणूस, मग गाठोडं,
मग तारेवरून उतरलेला एखादा कावळा असावा तेवढा.
एवढ्या सपाटीत
तो नाहीसा होत नाही.
मला वाटतं, तो मलाच मोजतो.
चुकत असेल. चुकू दे.