मिटल्या तोंडाचं लाकूड

बोकारीने कोरताना तोंड मुद्दाम बारीक ठेवलं,
भाताचं एक शीत आडवं मावेल एवढंच.
म्हणाला, जी आत जाईल ती बोलायची नाही.
आत कोण जाणार, हे त्याने विचारलं नाही.
पुरुषांनी विचारायचं नसतं.

आत मी गेले. अकरा वर्षं.
काळ्या तंतूंचा झगा घोट्यापर्यंत,
डोळ्यांच्या फटीतून दिसायची फक्त जमीन,
आणि पुढच्या बाईच्या टाचा.

मानेवर चार वळ्या.
बाहेरगावचे म्हणत, खाऊनपिऊन सुखी दिसते.
यट्टामावशी म्हणे, अरे, ती मोआच्या तळातून वर आली ना,
तेव्हा पाण्यावर उठलेली वर्तुळं आहेत ती,
अजून विरली नाहीत.

रानातून मुली परतल्या त्या सकाळी
न्यान्दे झग्याला बिलगली. तापाने फणफणलेली.
"आत कोण आहेस? सांग ना."
मला तिचं नाव ठाऊक होतं, तिच्या आईचं, आजीचंही.
मी शेंगांची जुडी हलवली. एवढंच.
काय करणार? तोंड बारीक होतं.

पुढे एका पावसाळ्यात छप्पर गळलं,
वाळवीने हनुवटीपासून कानापर्यंत वाट काढली.
बोकारी केव्हाच गेलेला,
त्याचा मुलगा बो शहरात भाड्याची मोटरसायकल फिरवतो.
म्हाताऱ्या जमल्या, मुखवटा उलटासुलटा केला,
आणि हसत सुटल्या.
"आता ही गोंदे!"

मग त्याच घडीव केशरचनेवर
सार्डिनच्या डब्याची झाकणं, दात पडलेली फणी,
गोगलगाईचे शंख, खताच्या पोत्याचा शेला.
तेल लावून चकचकीत ठेवलेलं कपाळ
आता कुणी पुसतही नाही.

गोंदेला सगळं माफ.
वाकडं नाचावं, मुखियाच्या खुर्चीत बसावं,
ज्याच्या त्याच्यापुढे हात पसरावा.
आणि बोलावं!
अकरा वर्षांनी त्या लाकडातून पहिला शब्द निघाला
तो काही मंत्र नव्हता.
मी म्हटलं, "भात उरलाय का गं?"

सगळं गाव पोट धरून हसलं.
न्यान्दे तेवढी हसली नाही.
कडेवरचं मूल सावरत पुढे आली,
वाळवीच्या भोकाला डोळा लावून म्हणाली,
"उरलाय. पण आधी माझं नाव घे."