उठता-बसता

घट बसले त्या सकाळी मालूआत्या म्हणाली,
"नऊ नकोत, उठता-बसता तरी धर गं.
तुला काय, सवयच हाय की."

सवय आहे. तेच तर.
मला उपवास जमत नाही असं नाही, आत्या,
फार जमतो.
दोन वर्षं केला, कुठल्याच देवीला न सांगता.
शेवटी सीपीआरच्या खाटेवर
नर्सला माझी शीर सापडेना.

आता फ्रिजवर घोरपडे डॉक्टरांचा कागद:
अकराला केळं, दूध. दीडला दोन चपात्या, भाजी.
"मोडायचं नाही हं," त्या म्हणाल्या,
व्रत सांगावं तसं.

पंचमीला टेंबलाईवर गेले.
कोहळा फुटला, तुकड्यांसाठी ही झुंबड.
पोट रिकामं असलं की उन्हात
डोकं कसं हलकं, स्वच्छ होतं
ते आठवलं.
आवडलंही. खोटं कशाला सांगू.

अकरा कधीच वाजून गेलेले.
पर्समधलं केळं काळं पडलेलं.
शेजारची बाई म्हणाली,
"खा की, उपासाला चालतंय केळं."

केळं खाल्लं.
मग डबा उघडून चपातीही काढली,
तिच्यादेखत.
पहिला घास अवघड गेला.
दुसराही.