समासातली गाय

पुस्तक प्रार्थनेचं,
आणि पहिलंच पान खोटं बोलतं.
छापलंय: विल्नियस, अठराशे त्रेसष्ट.
खरं तर वीसेक वर्षांनंतरचं, नदीपलीकडचं, तिलसितचं.
तिथल्या खिळे जुळवणाऱ्या जर्मनाला
आमच्या भाषेतलं ओ की ठो कळत नसणार.

त्रेसष्टचं म्हणजे बंदीच्या आधीचं,
म्हणजे निर्दोष.
झारचा हुकूम असा होता:
बोला काय हवं ते, पण लिहायचं रशियन अक्षरांत.
देवाला लिहायचं असलं तरी.

माझं काम फाटके कागद सांधण्याचं.
कौनास, संग्रहालयाचं तळघर, बिनखिडकीची खोली,
गव्हाची खळ, मऊ कुंचला.
मिस्साला मी जात नाही.
आईच्या मयताला गेले होते, तेवढंच.
तरी हे पुस्तक टेबलावर घेताना
हात धुतले,
आणि कशाला कोण जाणे, पुन्हा धुतले.

नोंदवहीत दोन ओळी आहेत.
आणणारा मोतिएयुस. ठेवून घेणारी डोमित्सेले, विधवा.
तो जानेवारीत गोठलेल्या नेमुनासवरून यायचा,
पोटाला पंधरा पुस्तकं बांधून, वर मेंढीचं कातडं.
शिपायानं हटकलं की म्हणायचा,
जलोदर आहे, साहेब.
तिसऱ्या हिवाळ्यात साहेबाला वैद्यकी आठवली.
पुढे सायबेरिया. पुढे नोंद नाही.

बाकीचं मी पानांवरून वाचते.

डोमित्सेलेला वाचता येत नव्हतं.
अंगठ्याचा मळ पानांच्या वरच्या कोपऱ्यांत आहे:
वर्षानुवर्षं पुस्तक उलटं धरून
ती सुलट म्हणत होती सगळं, तोंडपाठ.
मग कधीतरी मळ खाली सरकतो.
अंगठा लहान होतो.

ही टेक्ले, तिची लेक.
आईचा पाय चरख्यावर, लेकीचं बोट ओळीवर.
आई म्हणायची, लेक शोधायची.
मारिया, मारिया, मारिया...
अगं, हे दोन डोंगरांचं अक्षर सारखं पुढं येतंय,
हाच म असणार!
अशी एक निरक्षर बाई
वाचायला शिकवू शकते.

मरियेच्या नामावळीत एका ठिकाणी
तिला हस्तिदंती मनोरा म्हटलंय.
बर्चच्या रानातल्या त्या वाडीवर
हस्तिदंत म्हणजे काय, कुणी सांगावं?
पाद्री सांगून गेला असेल घाईघाईनं:
एक जनावर असतं, मोठं, पुढं शेपूट.
तिथंच समासात पेन्सिलीनं काढलीय
दोन शेपट्यांची गाय.
एक मागे, एक तोंडाला. आचळंही आहेत.

आणि तिच्याखाली, जरा मोठ्या झालेल्या हातानं:
गाय आटली. आई रडली नाही.

ही प्रार्थना नव्हे.
कुणाला हाक नाही, मागणं नाही, शेवटी आमेन नाही.
मी दुपारभर धुंडाळलं हे शब्द तिनं कुठून आणले.
रडणं सापडलं चार पानं मागे,
क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईपाशी.
नकार दहा आज्ञांमधून उचललेला;
तिथं तो मुबलक होता.
गाय मात्र अख्ख्या पुस्तकात नाही.
गोठ्यात बैल आहे, गाढव आहे, मेंढरं आहेत,
गाय नाही.
ती तिनं स्वतः जुळवली, एकेक अक्षर चाचपत,
आणि शेवटचं चुकवलं.

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे: नुकसान.
भरत गेले. पाण्याचा डाग, कडेला.
मेण, सात ठिकाणी.
कसरीची भोकं. शिवण सुटलेली.
पेन्सिल,
असं लिहायला घेतलं आणि थांबले.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.
दिवा मालवून वर आले.
खाली अंधारात गाय,
दोन्ही शेपट्यांसकट.