मानेतली शेवई

साखरेच्या लगद्याला तडा
कधी गेला ते कळत नाही.
रात्री झाकून ठेवलेली गुलाबाची पाकळी
सकाळी बघावी, तर कडेला
केस पडल्यासारखी रेघ.
आधी मी फुंकर मारून बघते.
दर वेळी. केस असेल म्हणून.

वाकोल्याच्या हवेचं काही सांगता येत नाही.
एसी लावला तर लगदा तडकतो,
बंद केला तर घामेजतो,
आणि वरच्या मजल्यावरचे सावे
वॉशिंग मशीन लावतात तेव्हा
ओटाच थरथरतो.

ओला आहे तोवर सोपं असतं.
बोटाच्या टोकाला डालडा, नखभर,
गोल गोल फिरवायचं, दाबायचं नाही.
हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या
आपोआप निजतात.
सुकल्यावर मात्र बोट लावायचं नाही.
त्याच लगद्यातला चिमूटभर
थेंबभर पाण्यात विरघळवायचा,
ब्रशनं तड्यात सोडायचा आणि वाट बघायची.
दुसरं काही चालत नाही.
मी दुधाची भुकटी लावून पाहिलीय, मैदा लावून पाहिलाय,
एकदा तर, सांगू नका कुणाला, फेविकॉल.
(तो केक नुसता मांडायचा होता. तरी रात्रभर झोप नाही.)

हे सगळं हायसिंथ मिसनी शिकवलं,
कलिन्याच्या चर्चमागच्या हॉलमध्ये,
बुधवार-शुक्रवार, महिना दीडशे रुपये.
बोलायच्या कमी. फूल बिघडलं की म्हणायच्या,
"पान लाव."
सगळ्यांत मोठ्या तड्यावर सगळ्यांत मोठं पान.
आमच्या बॅचचे केक म्हणूनच रान माजल्यासारखे दिसायचे.

परवा आल्बन परेरा आले.
हॉर्लिक्सची बरणी, बरणीत कापूस,
कापसात साखरेचा हंस.
त्यांच्या लग्नाच्या केकवरचा.
एकोणचाळीस वर्षं शोकेसमध्ये, मुंग्यांनी कसा सोडला देव जाणे,
आणि झाडपुशीत मान गेली.
"चाळिसाव्याला परत केकवर ठेवायचाय, बाय.
आयरिनला म्हटलंय, पॉलिशला टाकलाय."

पांढऱ्याला पांढरं लागत नाही, हे तेव्हा कळलं.
माझा लगदा नव्या बनियनसारखा,
हंस जुन्या दातासारखा.
चहाचं पाणी, एक थेंब. कमी.
दोन. जास्त.
वाट्यांत चार पांढरे मांडून बसले.
शेवटी एक थेंबवालाच जुळला,
त्यात हळदीचं बोट बुडवून काढल्यावर.

मग भिंग लावून मोडलेली जागा साफ करायला घेतली,
तर आत काहीतरी टोचलं.
तार नव्हे. काडी नव्हे.
शेवई.
कच्ची, तांबूस, उभी खोचलेली,
भोवती निराळ्याच पांढऱ्याचं कडं.
म्हणजे ही मान आधीही मोडली होती.
लग्नाच्या आदल्या रात्री असेल.
कुणीतरी बाई, पंखा बंद करून,
घाम पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधून
डब्यातली शेवई मोडत असेल,
कारण तारेचं दाताला भय,
आणि शेवई कुणी खाल्लीच तर खीर समजा.

"खीर समजा" हे मिसचं बोलणं.
पण हात मिसचाच असेल असं नाही. तेव्हा तिथे
घरोघरी केक व्हायचे
आणि शेवया सगळ्यांकडेच असायच्या.
मिसना विचारावं, तर त्या आता
मलाच विचारतात, तू कुणाची?

जुनी शेवई काढली नाही.
तिच्या शेजारी माझी एक खोचली,
मान ठेवली आणि धरून बसले.
अठरा मिनिटं. हात सोडला की कलते.
खालून भंगारवाला ओरडत गेला,
सावेंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या,
नाकाला खाज आली ती तशीच.

पान लावलं नाही.
हंसाच्या मानेला पान कसं लावणार?

संध्याकाळी आल्बन न्यायला येतील. वहीत लिहिलंय:
लगदा, चिमूटभर. चहा, एक थेंब.
शेवई, एक.
आतली दुसरी माझ्या हिशेबात नाही.
रकमेच्या जागी पेन टेकवून बसलेय.