सरळ काप

सीमेपासून माझं दुकान तीनशे पावलांवर.
दक्षिणेकडून येतात ते, मॅसॅच्युसेट्सकडून,
डोक्यावर कायदा घालून,
आणि समोरच्या बंद पडलेल्या पंपापाशी थांबतात.
चर्चमध्ये शिरताना टोपी काढावी
तसं हेल्मेट काढतात,
मागच्या जाळीत बांधतात.
इथून न्यू हॅम्पशायर. इथून वारा केसांत.
ज्यांचे उरलेत त्यांच्या.

मी रेजान. चामडं शिवते.
जॅकेटं, हातमोजे, सीटची कव्हरं.
एकतीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही
घालू का, नको का.
विचारतात, चेन बदलायला किती पडतील.

घसरलेलं जॅकेट हाताला कळतं.
कोपराशी चामडं लोकरीसारखं फुलतं,
खांद्यात बारीक खडी रुतून बसते.
मी ती चिमट्यानं उपसते, बशीत टाकते.
टण्.
टण्.
रस्त्याला कातडी हवी होती,
ती एका गाईनं दिली.

विनिफ्रेड टॅल्बट, बाळंतपणाची नर्स,
भर जुलैत सगळं चढवते,
पाठीचं कवच, पोटऱ्यांपर्यंत बूट.
दुकानात आली की आधी पंख्याखाली उभी राहते,
मग नमस्कार.
ऑर्विल अर्ध्या चड्डीत येतो, पायात सपाता,
आणि सहाशे डॉलरचं हेल्मेट
हँडलला लटकवलेलं.
मी म्हटलं, हे कुणासाठी?
म्हणाला, पडलो तर गाडीला लागू नये.
दोघं एकाच रविवारी, एकाच घोळक्यात,
शेजारी शेजारी चालवत डोंगराकडे जातात.

माझं स्वतःचं पिवळं आहे, भोपळ्याएवढं.
मुलगा हसतो.
कारण फार मोठं नाही,
वारा कानात गेला की दोन दिवस ठणकतं.
तत्त्व वगैरे काही नाही.
कान आहेत.

ऑक्टोबरात आल्डेन बोल्यू आला,
हातात हॉस्पिटलची कागदी पिशवी.
त्याची बायको गाडीतच बसून राहिली, इंजिन चालू.
जॅकेट मीच शिवलेलं, दोनदा.
या वेळी दोन्ही बाह्या मनगटापासून गळ्यापर्यंत
उभ्या उघडलेल्या,
कडा पट्टीनं आखल्यासारख्या.
रस्ता असं कापत नाही.
ही कात्री.
घाईची, सरावाची,
आत माणूस आहे हे माहीत असलेली.

कोपर शाबूत होते त्याचे. खांदेही.
चामड्यानं आपलं काम केलं होतं,
जिथपर्यंत चामडं होतं तिथपर्यंत.
तो बोलायला लागला. मध्येच थांबला.
गळ्यापाशी बोट फिरवत म्हणाला,
इथलं ते पण बघ, ते...
गोल.
मी म्हटलं, बटण.
हो, म्हणाला, बटण. आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मी ते शिवलं नसून शोधून काढलं आहे.

तेव्हा एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मी विचारलं, आणि डोक्याचं काय?
त्यानं खुंटीवरच्या माझ्या भोपळ्याकडे पाहिलं.
बाहेर बायकोकडे पाहिलं.
मग म्हणाला, तू काय विकतेस?
दोरा.
मग दोरा दे.

काळा घेतला. मेण लावलं.
घसरलेलं चामडं पुन्हा जुळत नाही,
ठिगळ लागतं, ठिगळ दिसतं,
माणूस बारमध्ये ते दाखवत फिरतो.
सरळ काप मात्र जुळतो.
कडेला कड अशी मिळते
की मध्ये काही झालंच नव्हतं.
रात्री दिव्याखाली धरलं तेव्हा
माझा टाका मलाच सापडेना,
आणि पहिल्यांदाच
चांगल्या कामाचं वाईट वाटलं.

मंगळवारी तो घेऊन गेला.
अंगात घातलं नाही, मांडीवर ठेवलं.
बायको चालवत होती.

आज पंपापाशी एकटाच एक पोरगा थांबला.
हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं,
थोडा वेळ आत बघत राहिला, रिकाम्या भांड्यात बघावं तसा,
आणि पुन्हा घातलं.
पाऊस नव्हता. थंडीही नव्हती.
मी बशीतली खडी दाराबाहेर ओतली
आणि आत आले.