उजवी बाजू

मिरजेत गाडीतून उतरलं की लोक आधी दवाखाना विचारतात,
मग चहा.
जतहून येतात, अथणीहून, रायबागहून,
म्हणून मला दोन भाषांत श्वास येतो:
श्वास घ्या. धरा. हलू नका.
उसिरु हिडीरि. अलुगाडब्याड्री.
आणि काचेआड मीही धरते.
बावीस वर्षं झाली, सवय जात नाही.

आधी स्टीलची वाटी पुढे करते.
काळी पोत, ताईत,
साबण लावून सोडवलेली कुडी,
एकदा गळ्यातला चांदीचा टाक.
"देवाला बाहेर ठेवायचं व्हय?"
म्हटलं, मावशी, देवाचीपण सावली पडते.

सगळे त्याला फोटोच म्हणतात.
"फोटो चांगला आला का, बाई?"
चांगला आलाय, म्हणते, आणि ते खोटं नसतं:
खांद्याची हाडं फुप्फुसांवरून बाजूला,
बरगड्या दहा मोजून घ्या,
कुठे हललेलं नाही.
चांगला फोटो. बातमीचं मला विचारू नका.

परवा दस्तगीरचाचा आले, सतारी करणारे.
प्लेटला छाती टेकण्याआधी
स्वतःच्याच बरगडीवर टिचकी मारली,
भोपळा निवडताना मारतात तशी.
"चीर असली की आवाज बदलतो.
तुमचं यंत्र कशावरनं ओळखतं?"

श्वास घ्या. धरा.

पडद्यावर उजवीकडे, वर,
चार आण्याएवढं पांढरं.
मला दिसलं. बघायला शिकवलंय मला,
सांगायचं काम दुसऱ्याचं.
सोडा, म्हणायला अंमळ उशीर झाला.
चाचा खोकत वळले.
"रिपोर्ट संध्याकाळी. डॉक्टर सांगतील."
ते माझ्याकडे बघत राहिले,
शर्टाची बटणं लावत, एक चुकवून.
"कळलं," म्हणाले.

बाहेर अकरा जण रांगेत.
मी आत फोन केला: सर, हा आधी बघा.
का, ते विचारलं नाही त्यांनी.

छातीवरचा बिल्ला तीन महिन्यांनी तपासायला जातो,
माझ्या वाट्याला किती किरणं आली
त्याचा आकडा येतो.
चाचांचं 'कळलं' त्यात धरत नाहीत.

रिपोर्टवर सही डॉक्टरांची.
माझं शिशाचं एक अक्षर, नखाएवढं,
प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात:
ही उजवी बाजू.
एवढं मात्र मी छातीठोक सांगते.
त्याची चिकटपट्टी सुटत आलीय.
उद्या आठवणीनं नवी लावायला हवी.