गुंजभर

मुजीबनं काचेची ताटली खिडकीकडं धरली.
रक्त घातलेल्या लाल थरावर
मोहरीएवढे पिवळे ठिपके.
"सोनेरी असतात," म्हणाला, "नावच तसं पडलंय."
मग माझ्याकडं न बघता
वहीत नंबर लिहिला. अकरा.

अकरा म्हणजे मी.
इंदुमती गायसमुद्रे, नवजात कक्ष, लातूर,
एकोणीस वर्षं.
ताप नाही, सर्दी नाही, साधी शिंक नाही.
गुंजभर फुली होती नाकात,
ती नणंदेच्या लग्नात गेली.
आणि हे सोनं
कधी आलं, कुणी घातलं,
कुणाच्या बाळाचं तोंड पुसताना,
की मीच नेलं त्याच्यापाशी?

सात नंबरचं बाळ, औशाचं, एक किलो दोनशे.
त्याच्या कागदावर औषधांची उभी ओळ
आणि प्रत्येकापुढं तोच आर: चालत नाही.
दोनच सुटली. त्यातलं एक बाहेरून आणायचं.
"माझं नि त्याचं जुळतं का?"
"ते पुण्याला पाठवावं लागतं, सिस्टर."
म्हणजे कळणार नाही.
मोठ्या सरांची ताटली त्या रांगेत नव्हती,
त्यांना त्या दिवशी वेळ नव्हता.

हात? धुतले की.
एप्रिलात बेसिनचा नळ नुसता फुसफुसायचा,
आयाबाई निळ्या पिंपातून तांब्या ओतायची,
मी चोळायची: तळवे, बेचक्या, अंगठा,
भिंतीवरच्या चित्रात आहेत तसे सहा प्रकार.
तिसऱ्यालाच तांब्या रिकामा.
रजिस्टरात सहाच्या सहा.
सही माझी.

पाच दिवस मलम, दोन्ही नाकपुड्यांत, दोन वेळा.
पाच दिवस वॉर्ड बंद, स्टोअरात चादरी मोजायच्या.
एकशे चाळीस. फाटक्या बावीस.
रात्री नात अंगावर येते,
नाकाला नाक घासायचा आमचा खेळ.
मी मान फिरवते. ती रुसते.
दोन वर्षांच्या पोरीला काय सांगू,
कुठल्या शब्दात.

चौथ्या दिवशी सातची आई दारात.
"सिस्टर, तिकडं का येईना झालाव?
नवी पोरगी सुई लावलालीय, शीर घावंना.
तुमच्या हाताला गुण हाय. चला की."

मी हात चादरीखाली घातले.
अजून मोजायच्या होत्या.
कुठवर आले होते, विसरले.